कोंबड्यावरून उडी

आमच्या लिटल थ्रेल्टन गावात माणसाच्या शब्दाला किती वजन द्यायचं, हे एकाच गोष्टीवरून ठरतं. त्याने कोंबड्यावरून उडी मारली आहे की नाही. शिक्षण, जमीनजुमला, स्वभाव वगैरे त्यानंतर.

कोंबडा म्हणजे आमच्या चर्चच्या मनोऱ्यावरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा. तांब्याचा आहे, वर सोन्याचा मुलामा. मुलामा उडाला किंवा खालची दांडी झिजली की त्याला उतरवतात. पण हे माणसाच्या आयुष्यात फार तर एकदा घडतं. त्या दिवशी कोंबडा चर्चसमोरच्या हिरवळीवर ठेवतात आणि गावातली सगळी पोरं त्याच्यावरून उड्या मारतात. मग तो परत वर जातो, आणि ती पोरं म्हातारी होईपर्यंत परगावच्या लोकांना सांगत राहतात, "मी चर्चच्या टोकावरून उडी मारलेली आहे." ते खोटं आहे असं कोणाला म्हणता येत नाही.

मी लहान असताना कोंबडा खाली आला, तेव्हा मला गोवर आला होता. गोवरात डोळ्यांना उजेड लागू नये म्हणून आईने पडदे ओढून घेतले होते. पडद्याच्या फटीतून मला कुंपणापलीकडे पोरांची डोकी वर येताना आणि खाली जाताना दिसली. कोंबडा दिसला नाही. पाय तर एकाचेही दिसले नाहीत.

पुढे मी याच गावच्या शाळेत मास्तर झालो. गावातल्या जवळजवळ प्रत्येकाला पाढे मीच शिकवले. तरी पबमध्ये एखादा वाद मी जिंकत आणला की कोणीतरी ग्लास खाली ठेवून अगदी आदराने म्हणायचं, "पास्क सर, तुमचं बरोबर असेलही. पण तुम्ही उडी मारलेली नाही." मग विषय पावसाचा असो नाहीतर बटाट्यांच्या लागवडीचा, तो तिथेच संपायचा.

आणि मी निवृत्त झाल्यावर एका वर्षी, फेब्रुवारीतल्या वादळात कोंबडा उडाला.

सकाळी पाहतो तर टोपी उडालेल्या माणसासारखा मनोरा ओशाळून उभा. वर नुसती दांडी. लोकांनी चर्चचं आवार शोधलं, छत पाहिलं, रस्ता पाहिला. कोंबडा नाही. चर्चच्या समितीने ठरवलं की सप्टेंबरअखेरच्या सुगीच्या प्रार्थनेपर्यंत वाट पाहायची, नाहीतर कॅटलॉगमधून नवा फायबरचा मागवायचा. त्याला म्हणे मुलामा लागत नाही, गंज चढत नाही, तो कधीच खाली काढावा लागत नाही.

"म्हणजे यापुढे गावातलं एकही पोर उडी मारणार नाही," मी समितीत म्हणालो.

"नवा वर चढवायच्या आधी त्याच्यावरून मारू देत की," कोणीतरी सुचवलं.

यावर ऑड्री बगबाईंनी काठी आपटली. ऑड्रीबाई गावातल्या सर्वांत वयोवृद्ध. कोंबडा मागे उतरला तेव्हा त्या त्याच्या शेपटीशी उभ्या राहून कोणाची उडी खरी आणि कोणाचा पाय लागला, याचा निवाडा करत होत्या. तेव्हापासून त्यांनी तो अधिकार सोडलेला नाही. "वर न गेलेल्या कोंबड्यावरची उडी ही उडी नव्हे," त्या म्हणाल्या. "दुकानातून आलेल्या कोंबड्यावरून उडी मारायची असेल, तर दुकानात जाऊन मारा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. शाळेत अजून मी शुक्रवारी पोरांना पानं-फुलं ओळखायला शिकवायला जातो. त्या सगळ्यांचं माझ्यासारखंच होणार होतं. आणि खरं सांगायचं तर मीही काही अजून मेलो नव्हतो.

"मी कोंबडा शोधणार आहे," मी मूरियलला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं.

"आणि तुझा गुडघा?"

"शोधायला गुडघा कशाला लागतो?"

"शोधायला काही लागत नाही, विल्फ. सापडल्यावर वाकावं लागतं."

शेजारच्या सिरिल थर्टलकडे मेटल डिटेक्टर आहे. लांब दांडीच्या टोकाला ताटलीएवढी चकती. ती जमिनीवरून फिरवायची, कानाला हेडफोन लावायचा आणि खाली धातू असला की ते यंत्र ओरडतं. सिरिल रोज संध्याकाळी ते घेऊन बाहेर पडतो आणि कुठे गेला होता, काय मिळालं, हे कोणालाही सांगत नाही. या छंदातली माणसं अशीच असतात. त्यांच्यात गप्प बसणं हा शिष्टाचार आहे आणि जो जास्त गप्प, त्याला जास्त सापडलं असं समजतात.

"यंत्र देतो," सिरिल म्हणाला. "पण कोणाला सांगू नकोस."

"काय सांगू नको?"

"काहीच सांगू नकोस. आणि पाण्यात घालू नकोस. माझ्या बायकोपेक्षा जपलंय मी ते."

हे त्याची बायको कपडे वाळत घालता घालता ऐकत होती. ती म्हणाली, "त्याला तो मोजेपण घालतो, पास्क सर. विणायला मीच दिली लोकर."

आता कोंबडा कुठे पडला असेल, याबद्दल गावात जितकी तोंडं तितके नकाशे निघाले. पोस्टातल्या बाईंच्या मते तो पंख पसरून शेजारच्या गावापर्यंत गेला, आणि तिथल्या लोकांचा स्वभाव पाहता तो परत मिळणार नाही. पबवाल्याचं म्हणणं, वारा वायव्येचा, तेव्हा तो आग्नेयेच्या बार्लीच्या शेतात. मी स्वतः शाळेतल्या पोरांकडून कागदाचे कोंबडे करून घेतले आणि मनोऱ्यावरून सोडले. त्यातले बरेचसे मनोऱ्याभोवती एक गिरकी घेऊन पाद्रीबाईंच्या गाडीवर जाऊन बसले. पोरांना भूमिती फार आवडली. निष्कर्ष मात्र निघाला नाही.

पाद्रीबाई म्हणजे हिलरीबाई. त्यांच्याकडे आसपासच्या सहा गावांची चर्चं आहेत, त्यामुळे त्या नेहमी गाडीत असतात आणि त्यांच्या एका हातात अर्धं सँडविच असतं. "चर्चच्या आवारात यंत्र फिरवायचं तर बिशपसाहेबांच्या कचेरीची परवानगी लागेल, पास्क सर," त्यांनी खिडकीची काच खाली करून सांगितलं. "आवारातल्या थडग्यांत माणसं झोपली आहेत ना. त्यांच्या उशाशी कोण काय ठेवून गेलंय, सांगता येत नाही."

कचेरीने उत्तर दिलं की अर्ज योग्य त्या बैठकीपुढे ठेवण्यात येईल. ती बैठक होण्यासाठी आधी दुसरी एक बैठक व्हायला हवी होती.

आवाराला लागून असलेलं कुरण आणि बार्लीचं शेत रूबेन लार्टरचं. तो माझा विद्यार्थी. वर्गात तो कायम खिडकीतून गुरांकडे पाहायचा. आता गुरांजवळ उभा राहून ढगांकडे पाहतो. "कुरणात खुशाल फिरा, सर," तो म्हणाला. "बार्लीत कापणीनंतर. फक्त माझे गोऱ्हे तेवढे फार चौकस आहेत. तुम्ही शिकवलेल्या पोरांपेक्षा जास्तच."

"आणि मधला चर?"

कुरण आणि चर्चची पडकी भिंत यांच्यामध्ये पाण्याचा एक चर आहे. लव्हाळ्यांनी भरलेला, उन्हाळ्यात चिखल, हिवाळ्यात पाणी. रूबेनने डोकं खाजवलं. "तो माझा नाही. चर्चचा असेल." पाद्रीबाई म्हणाल्या, तो चर्चचा नाही, नकाशात आवार भिंतीपाशी संपतं. ओढे-चरांचं मंडळ आहे, तिथल्या गृहस्थांनी फोनवर बराच वेळ कागद चाळले आणि सांगितलं की असा चर अस्तित्वात नाही. मी म्हणालो, मी आत्ता त्याच्या काठावरूनच आलो. ते म्हणाले, ते तुमच्या जबाबदारीवर.

जो चर कोणाचाच नाही त्यात शोधायची परवानगी कोणाकडे मागायची? मी जन्मभर पोरांना शिकवलं की विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या डब्याला हात लावू नये. तेव्हा चर मी सोडून दिला.

वसंत आला तसा मी कुरणात फिरू लागलो. आता मला सांगायला थोडी लाज वाटते, पण तिथे अर्धा वेळ मी कोंबडा विसरूनच जायचो. हेडफोन कानाला लावला की सगळं जग लांब जातं. नुसता एक बारीक गुंजारव राहतो, दुपारी झोपी गेलेल्या मधमाशीसारखा. गवतावर धुकं असतं. मनोरा त्यात कमरेपर्यंत बुडालेला असतो. मग एकदम यंत्र कुईं करतं, माणूस मोठ्या कष्टाने गुडघ्यावर बसतो, खुरप्याने चौकोनी ढेकूळ उचलतो आणि खाली असतं एक बटण.

बटणं फार. पूर्वीचे लोक रविवारी नवे कपडे घालून कुरणातून चर्चला यायचे आणि वाटेत त्यांची बटणं तुटायची. मला शिवताना बोटात घालायचं एक अंगुस्तान मिळालं, घोड्याचा नाल मिळाला, चपटा झालेला चमचा मिळाला. प्रत्येक वस्तू हातात घेऊन मी बसून राहायचो. हे पितळी बटण तुटलं तेव्हा तो माणूस धावत असेल का? उशीर झाला असेल का? घंटा थांबत आली असेल आणि बायको पुढून म्हणत असेल, "चल लवकर, सगळे बघतायत." असा विचार करता करता मी एकदा भिंतीला टेकून झोपलो, आणि मूरियलला कोणीतरी जाऊन सांगितलं की सर गेले. ती आली, माझ्या नाकापुढे हात धरला आणि म्हणाली, "घोरतोय. बटणं मात्र घरी आण, उपयोगाची आहेत."

इकडे सिरिलने यंत्र मला दिल्याचं कोणालाही सांगितलं नाही. त्याच्या छंदातल्या मित्रांनी विचारलं, "हल्ली निघत नाहीस?" तो गप्प. "यंत्र कुठंय?" तो जास्तच गप्प. त्याच्या वागण्यातून त्यांनी जो अर्थ काढायचा तो काढला. पुढच्या रविवारी आमच्या गल्लीत परगावच्या गाड्या उभ्या, आणि चर्चच्या भिंतीवर थर्मास घेऊन एका ओळीत बसलेली गप्प माणसं. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहत होते.

इतक्या लोकांसमोर कुरणात एकट्याने फिरणं मला अवघड वाटत होतं. म्हणून मी हेडफोन घट्ट बसवला, मान खाली घातली आणि विचारात बुडून चाललो. त्या दिवशी हवा अशी होती की चंडोल दिसत नाही, नुसता वरून कुठून तरी गातो. हेडफोनमधून तेही ऐकू येत नव्हतं. भिंतीवरची माणसं अचानक हात हलवू लागली. मला वाटलं, ओळख दाखवतायत. मीही हात हलवला. मग काय वाटलं कोणास ठाऊक, मागे वळून पाहिलं.

रूबेनचे सगळे गोऱ्हे माझ्यामागे ओळीने चालत होते. सर्वांत पुढच्याचं नाक माझ्या कोटाच्या खिशापाशी होतं. त्यांच्या डोळ्यांत निव्वळ जिज्ञासा होती, हे मी शिक्षक म्हणून मान्य करतो. पण मी पळालो. मी पळालो म्हणून तेही पळाले. समोर चर, पलीकडे भिंत, भिंतीवर परगावचे लोक, आणि त्याच क्षणी प्रार्थना संपून चर्चच्या दारातून सगळं गाव बाहेर पडत होतं.

मी उडी मारली.

कशी, ते मला सांगता येणार नाही. डोळे मिटले होते. पलीकडच्या काठावर मी पोटावर आपटलो, विजार फाटली, आणि सिरिलचं जपलेलं यंत्र चरात पडलं. गोऱ्हे काठाशी थांबले आणि पुढे काय होतं ते पाहत उभे राहिले. तसं गावही उभं राहिलं. मग ऑड्रीबाईंचा आवाज आला. "हा पास्कांचा मुलगा ना? लहानपणी चांगला होता."

चरात पडलेलं यंत्र मात्र ओरडत सुटलं. हेडफोनची वायर निघाल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू येत होतं. एकसारखं कुईं, कुईं, थांबेचना. मी पालथा पडून हात लांब केला आणि ते बंद केलं. का, असं कोणी विचारेल. कारण उघड आहे. चरात शोधायची परवानगी माझ्याकडे नव्हती.

सिरिलने ते पाहिलं आणि सगळा उन्हाळा माझ्याशी तो फक्त कुंपणावरून, ते देखील बायकोमार्फत बोलला. "त्यांना सांग, पाण्यात घालू नको म्हटलं होतं."

"सिरिल म्हणतो, पाण्यात घालू नको म्हटलं होतं, पास्क सर."

"त्याला सांगा, मी घातलं नाही, ते पडलं."

"सर म्हणतात, ते पडलं."

"ऐकलं मी."

गावात मला बघून लोक गोऱ्ह्यांची चौकशी करू लागले. पबमध्ये माझ्या खुर्चीवर कोणीतरी गवताची पेंढी ठेवली. मी शोध बंद केला. बार्लीची कापणी झाली, तरी मी शेतात गेलो नाही. फायबरच्या कोंबड्याचं कॅटलॉग समितीत या हातातून त्या हातात फिरू लागलं. शाळेत हेस्टर नावाची एक मुलगी आहे. ती घराच्या पायऱ्यांवरून, बादल्यांवरून, झोपलेल्या कुत्र्यावरून उड्या मारायचा सराव करत होती. तिने विचारलं, "सर, कोंबडा केवढा उंच असतो?" मी हात वर करून दाखवला. मग खाली केला. मला माहीत नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी आम्ही मागच्या दारी मटार सोलत बसलो होतो. तेवढ्यात सिरिल स्वतः आला. यंत्र पार खोलून, पुसून, वाळवून त्याने पुन्हा जोडलं होतं. "काही झालेलं नाही त्याला," तो नाइलाजाने म्हणाला. "पहिल्या दिवसापासून ठणठणीत आहे. उगाच अबोला धरला तुझ्याशी."

तो गेल्यावर मूरियलने आणखी एक शेंग सोलली. मग म्हणाली, "विल्फ, ते बिघडलं नव्हतं."

"तेच म्हणाला ना तो."

"मग ओरडत कशाला होतं?"

मी हातातली शेंग खाली ठेवली. भांड्यातले मटार मला एकाएकी फार हिरवे दिसायला लागले.

आम्ही चराशी गेलो तेव्हा ऊन कलत होतं. उन्हाळ्याने पाणी आटलेलं, लव्हाळे वाळलेले. मी काठावर थांबलो. पाद्रीबाईंची गाडी नेमकी तिथून जात होती. मी त्यांना थांबवून विचारलं.

"हा चर कोणाचा नाही ना?" त्या म्हणाल्या.

"कोणाचाच नाही."

"मग परवानगी मी देऊ शकत नाही." त्यांनी सँडविचचा शेवटचा घास घेतला आणि बोटं पुसली. "आशीर्वाद देते. चालेल?"

चाललं. चिखलात हातभर खाली, ज्या ठिकाणी यंत्र पडलं होतं तिथेच, माझ्या बोटांना एक तुरा लागला. वादळाने त्याला कुठे लांब नेलंच नव्हतं. मनोऱ्यावरून तो सरळ भिंतीपलीकडे पडला होता आणि लव्हाळ्यांनी वरून पांघरूण घातलं होतं. मूरियलने एप्रनच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं. मुलामा बराच गेला होता, पण डोळा शाबूत होता. तो आमच्याकडे पाहत होता, इतके दिवस कुठे होतात असं विचारल्यासारखा.

सुगीच्या प्रार्थनेच्या दिवशी, नवा मुलामा होऊन कोंबडा चर्चसमोरच्या हिरवळीवर आला. खिडक्यांत भोपळे आणि बार्लीच्या पेंढ्या मांडलेल्या. मनोऱ्यावर चढणारा कारागीर दोर लावून तयार. पोरं ओळीत उभी राहिली. ऑड्रीबाई खुर्ची टाकून शेपटीपाशी बसल्या. "खरी," त्या म्हणत होत्या. "खरी. तुझा बूट लागला, पुन्हा मार. खरी." मी सर्वांत शेवटी उभा होतो. घरी महिनाभर मूरियलने मला उशीवरून उडी मारायला लावली होती. गुडघा तेल लावून गुळगुळीत केला होता.

ओळ संपत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की हेस्टर नाही.

"तिला कांजिण्या आल्यात, सर," एक मुलगा म्हणाला. "तिची आई घराबाहेर सोडत नाही. ती खिडकीत बसलीय."

मी वर पाहिलं. गल्लीच्या टोकाला तिचं घर, पडदा ओढलेला, मध्ये एक फट.

मला फार विचार करावा लागला असं नाही. मी रूबेनला म्हणालो, "एकचाकी गाडी आण."

कारागीर ओरडला, "वारा वाढतोय, आजोबा. आत्ता नाही चढवला तर मी पुढच्या वर्षी येईन."

"आलोच," मी म्हणालो.

कोंबडा पोत्यावर बसवून आम्ही गल्लीतून निघालो. हेस्टरच्या आईने तिला शालीत गुंडाळून मागच्या अंगणात आणलं. अंगभर पुटकुळ्या, त्यांवर गुलाबी औषध. ती धावत आली आणि उडाली, शालीसकट. इतकी उंच की आणखी एक कोंबडा मधून गेला असता.

"पाय लागला का, सर?"

"नाही. खरी."

"परत मारू?"

मी हो म्हणालो. तिने परत मारली. मग तिसऱ्यांदा. परत आलो तेव्हा मनोऱ्यावरचं निशाण फडफडत होतं. कारागिराने आमच्याकडे न पाहता कोंबडा गाडीतूनच दोराला बांधला आणि तो वर निघाला. मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो. तो लहान होत गेला. मनात म्हटलं, चला, पाय दिसले तरी, हेस्टरचे.

सगळं गाव वर पाहत होतं. सिरिलनेही टोपी काढली. मग ऑड्रीबाईंनी काठी आपटली.

"विल्फ्रेड पास्क, तू कशाला तोंड पाडून उभा आहेस?"

"माझी राहिली, ऑड्रीबाई."

"कुठे राहिली? त्या रविवारी चरावरून कोण उडालं, गोऱ्हा?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. ऑड्रीबाईंनी खुर्चीतच पाठ ताठ केली. "कोंबडा वर जाऊन आलेला होता. तो खाली होता. हा त्याच्यावरून गेला. पाय लागला नाही, मी स्वतः दारात उभी होते. आणि एवढे साक्षीदार तर आमच्या वेळी कोणालाच मिळाले नव्हते. खरी."

"त्याला माहीतच नव्हतं खाली काय आहे ते," पबवाला म्हणाला.

"तुला तरी काय माहीत होतं तेव्हा? चार वर्षांचा होतास. ढकललं होतं तुला," ऑड्रीबाई म्हणाल्या, आणि पबवाला त्यानंतर माझ्याशी कधी बटाट्यांवरून वाद घालायला आला नाही.

आता संध्याकाळी मी भिंतीला टेकून बसतो. गोऱ्हे पलीकडून पाहतात. पूर्वेचा वारा असला की कोंबडा आमच्या घराकडे तोंड करतो. मी त्या उडीबद्दल विचार करतो. जन्मभर वाट पाहिली ती गोष्ट घडली, आणि मला तेव्हा एवढंच माहीत होतं की मागे गुरं आहेत. पण हळूहळू मला आठवू लागलं आहे. हवेत मी बराच वेळ होतो. चंडोल गात होता. आणि खाली लव्हाळ्यांच्या बुडाशी काहीतरी सोनेरी हललं, त्याने मान वळवली आणि मला जाताना पाहिलं.

हे मी मूरियलला सांगितलं. ती माझ्या कोटाला कुरणातलं एक पितळी बटण शिवत होती.

"तुझे डोळे मिटलेले होते, विल्फ," ती म्हणाली, आणि दातांनी दोरा तोडला. "पण त्याचे उघडे होते."